मार खायचा एकानं, फायदा तिसऱ्याला! (बास्केटबॉलमधली दांडगाई आणि शिक्षा)

ओटलेवाला (रामबाग, इंदूर):

मंडळी, आपल्याकडे क्रिकेटचे धागे रोज निघतात. पण रेसकोर्स रोडला बास्केटबॉल कॉम्प्लेक्स असलेल्या गावात या खेळावर कोणी बोलू नये, हे बरं नाही. म्हणून हा धागा. मैदानावर एखाद्यानं दांडगाई केली तर शिक्षा नक्की कोणाला लागते, आणि तिचा फायदा कोणाच्या पदरात पडतो?

२००७ ची एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, घ्या. फीनिक्स सन्स आणि सॅन अँटोनियो स्पर्स, प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद मालिकांची, दुसरी फेरी. चौथी मॅच संपत आलेली, सन्स जिंकणार हे जवळपास ठरलेलं. सन्सचा स्टीव्ह नॅश कडेनं बॉल नेतोय आणि स्पर्सचा रॉबर्ट हॉरी त्याला कंबरेनं असा हाणतो की नॅश थेट स्कोअररच्या टेबलावर. ते बघून सन्सच्या बेंचवरचे आमारे स्टुडमायर आणि बोरिस डियाव उठले, चार पावलं पुढे आले. कोणाला हात लावला नाही. पण नियम असा की मैदानात भांडण चालू असताना बेंच सोडला की एक मॅच घरी. दोघंही पाचव्या मॅचला बाहेर. हॉरीला दोन मॅच. आता हिशेब करा. हॉरी बदली खेळाडू, स्टुडमायर सन्सचा मुख्य सेंटर. चार मॅच आधी जिंकेल त्याची मालिका, आणि ती २-२. पाचवी मॅच स्पर्सनं ८८-८५ अशी जिंकली, सहावीही जिंकली आणि त्या वर्षीचं अजिंक्यपदसुद्धा नेलं. ज्यानं ढकललं त्याच्या गळ्यात हार, ज्याला ढकललं तो घरी.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ओळखीतल्या एका पोराला इथल्याच एका स्पर्धेत रिबाउंडच्या वेळी (हुकलेला बॉल पकडताना) कोपर बसलं. ओठाला टाके. मारणाऱ्याला कमिटीनं पुढच्या मॅचला बसवलं. ती मॅच होती तिसऱ्याच टीमशी. ते आरामात जिंकले आणि आमची पोरं तोवर हरून घरी आलेली. ज्याचा ओठ फाटला त्याला काय मिळालं? दोन फ्री थ्रो. तेही बदली पोरानं मारले, कारण याच्या तोंडात कापूस.

माझं म्हणणं एवढंच: बंदी घालायची तर ज्या टीमच्या पोराला मारलं, त्याच टीमविरुद्धच्या पुढच्या मॅचना घाला. बोला.

थ्रीपॉइंटर_२३:

काका, एक अडचण आहे. एनबीएच्या टीम पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांत असतात, आणि पूर्वेची टीम पश्चिमेच्या टीमला रेग्युलर सीझनमध्ये (प्लेऑफच्या आधी) दोनदाच भेटते. वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीननं डिसेंबर २०२३ मध्ये सन्सच्या नुर्किचच्या तोंडावर हात फिरवला तेव्हा त्याला १२ मॅच बसवलं होतं. ते दोघं एकाच बाजूचे होते म्हणून बरं. समोरचा पूर्वेचा असता तर तुमच्या हिशेबानं शिक्षा संपायला सहा वर्षं! मधेच कोणाचा ट्रेड होऊन टीम बदलली तर? बंदी माणसाबरोबर जाणार की टीमबरोबर राहणार?

छप्पनभोगी:

दांडगाईचा विषय निघालाय तर आपला सतनामसिंग आठवतो का कोणाला? २०१५ ला एनबीएच्या डलासनं ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ५२ व्या नंबरला घेतला होता, पुढे भिया अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत गेला. योग्य क्रम. आधी बास्केटबॉल, मग कुस्ती. बाकीचे दोन्ही एकाच मैदानात करायला बघतात.

शिट्टीमास्तर:

ओटलेवाले, तुमची तळमळ पोचली. पण बेंचच्या नियमाला नावं ठेवायच्या आधी भांडणाकडे धावत येणारा माणूस म्हणजे काय प्रकरण असतं ते ऐका.

९ डिसेंबर १९७७. लेकर्स विरुद्ध ह्यूस्टन रॉकेट्स. केर्मिट वॉशिंग्टन आणि केव्हिन कुनर्ट यांची जुंपली होती. रूडी टॉमजानोविच लांबून धावत आला, सोडवासोडव करायला. वॉशिंग्टनला एवढंच कळलं की मागून कोणीतरी अंगावर येतंय. तो वळला आणि ठोसा हाणला. एक जण पूर्ण वेगात धावतोय, दुसरा पूर्ण ताकदीनं मारतोय. टॉमजानोविचची कवटी तडकली, मेंदूभोवतीचं पाणी गळायला लागलं. जिवावर बेतलं होतं. त्याचा तो सीझन तिथंच संपला. वॉशिंग्टनला ६० दिवसांची बंदी आणि १०,००० डॉलर दंड. (हाच टॉमजानोविच पुढे कोच झाला आणि ह्यूस्टननं १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवली.)

टॉमजानोविच बेंचवरून आला नव्हता, खेळतच होता. पण धावत येणाऱ्याच्या मनात काय आहे हे मारामारीतल्या माणसाला दिसत नाही, आणि रेफरीलाही नाही. म्हणून बेंचचा नियम हेतू विचारतच नाही, पाय कुठं होते तेवढं बघतो. यात भरडले जातात लोक, मान्य आहे. १९९७ मध्ये मायामीच्या पी. जे. ब्राउननं न्यूयॉर्कच्या चार्ली वॉर्डला उचलून आपटलं. निक्सचे चौघं बेंच सोडून आले, ते सस्पेंड, वॉर्डही सस्पेंड. सगळे एकदम बसवले तर टीम पुरेना, म्हणून त्या चौघांची आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे वाटणी केली. युइंग आणि ॲलन ह्यूस्टन सहाव्या मॅचला बाहेर, जॉन्सन आणि स्टार्क्स सातव्या. निक्स ३-१ नं पुढे होते. मालिका गेली ३-४.

तरीही मी त्या नियमाच्या बाजूनं आहे. इथं एका मॅचला दोन्ही बेंच मैदानात उतरलेले मी पाहिलेत, त्यात पालकही होते. त्यात कोणी कोणाला मारलं हे आम्ही शेवटपर्यंत लिहू शकलो नाही, रिपोर्ट कोरा गेला.

आता तुमच्या ओठाच्या टाक्यांबद्दल. वॉशिंग्टनच्या त्या ठोशानंतर एनबीएनं १९७८-७९ मध्ये तिसरा रेफरी उतरवून पाहिला, एका सीझननंतर काढला, आणि १९८८-८९ पासून कायमचा आणला. आपल्या लोकल मॅचला आजही दोनच असतात. शॉट सुटला की प्रेक्षकांसकट सगळ्यांच्या माना वर. नेमकं तेव्हाच खाली सगळं उरकलं जातं: बरगडीत कोपर, मांडीला मागून गुडघा, मुठीत पकडलेली जर्सी. मी नव्या पोरांना सांगायचो, बॉल आपला आपण खाली येईल, तुम्ही कोपरं बघा. खांद्याबरोबर कोपर फिरलं तर तो जागा करतोय. खांदा थांबला आणि कोपर एकटंच मागं आलं तर तो मारतोय. एवढा फरक डोळ्यांत बसायला दोन-तीन सीझन जातात.

सायलीची_आई:

मास्तर, तुम्ही जर्सीचं लिहिलंत म्हणून लिहिते. माझी मुलगी गार्ड खेळते. मॅचनंतर दंडावर नखांचे ओरखडे असतात. पूर्ण हाफ समोरची चिमटे काढते, पायावर पाय देते, कानाशी काहीबाही बोलते. रेफरीला काही दिसत नाही. मग हिचा संयम सुटतो, ही एकदा हात झटकते, आणि शिट्टी वाजते ती हिच्यावर. दुसरा हात उचलणाराच नेहमी का सापडतो?

शिट्टीमास्तर:

ताई, कारण पहिल्या धक्क्याच्या वेळी आमचं लक्ष दुसरीकडे असतं, आणि त्या पहिल्यामुळेच ते तिकडे वळतं. दुसरा धक्का आमच्या डोळ्यांसमोर होतो. यावर माझ्याकडे मैदानात काही उपाय नाही. टीव्हीवाल्यांकडे आहे, ते मागं जाऊन बघतात.

सायलीची_आई:

टीव्हीवाले तरी काय करतात? १ जून २०२४, अमेरिकेतली महिलांची लीग. शिकागोच्या चेनेडी कार्टरनं इंडियानाच्या केटलिन क्लार्कला बॉल आत यायच्या आधीच कंबरेनं पाडलं. मैदानात साधा फाऊल दिला. दुसऱ्या दिवशी लीगनं सांगितलं की तो फ्लेग्रंट-१ होता, म्हणजे दांडगाईचा फाऊल (त्याहून गंभीर तो फ्लेग्रंट-२). इंडियाना एका पॉइंटनं जिंकली म्हणून निभावलं. ७१-७० च्या जागी ७०-७१ असतं तर?

बडोदेकर_पाहुणा:

सूनबाईंचं माहेर इंदूरचं, म्हणून अधूनमधून इथं वाचत असतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हल्ली सगळं फार नाजूक झालंय. १९८४ च्या फायनलमध्ये बोस्टनच्या केव्हिन मॅकहेलनं लेकर्सच्या कर्ट रॅम्बिसला हवेतच गळ्याला हात घालून खाली आपटलं होतं. मॅकहेलला मैदानाबाहेरसुद्धा काढलं नाही! रॅम्बिस उठला, खेळला. डेट्रॉइटच्या त्या ‘बॅड बॉइज’नी मायकेल जॉर्डनला वर्षानुवर्षं आडवा केला आणि १९८९, १९९० अशी दोन अजिंक्यपदं घेतली. जॉर्डन रडत बसला का? अंगात ताकद कमावून आला. आता जरा धक्का लागला की तीन रेफरी पडद्यासमोर जाऊन उभे, आमचा चहा गार होतो. फ्लेग्रंट हा प्रकारच मुळी १९९०-९१ च्या सीझनला आला.

थ्रीपॉइंटर_२३:

आजोबा, त्याच डेट्रॉइटच्या टीममधला जो डूमार्स पुढे एनबीएत शिक्षा ठरवणाऱ्या खुर्चीवर बसला! ग्रीनची २०२३ ची दोन्ही सस्पेन्शन्स त्याच्याच नावानं जाहीर झाली. बॅड बॉय झाला हेडमास्तर.

बडोदेकर_पाहुणा:

अरे, डूमार्स त्या टोळीतला सज्जन माणूस. जॉर्डनला तोच अडवायचा, पण पायांनी आणि डोक्यानं. एनबीएचा खिलाडूवृत्तीचा जो पुरस्कार आहे त्याच्या ट्रॉफीला त्याचंच नाव आहे, आणि १९९६ ला तो पहिल्यांदा मिळालाही त्यालाच. उदाहरण निवडताना नीट निवड. (पण हेडमास्तर आवडलं.)

काळा_कोट:

धागा छान चाललाय, पण दोन वेगळे प्रश्न एकत्र होताहेत. शिक्षा कृत्याची द्यायची की जखमेची? आणि माणसाची जुनी खाती उघडायची की नाही?

आधी जखम. मे २०१७, वॉरियर्स विरुद्ध स्पर्स, मालिकेची पहिली मॅच. स्पर्स २३ पॉइंटनं पुढे. त्यांच्या क्वाय लेनर्डनं उडी मारून शॉट घेतला आणि वॉरियर्सचा झाझा पाचुलिया अडवायला येता येता त्याच्या उतरायच्या जागेवर पाय ठेवून मोकळा झाला. लेनर्डचा पाय त्याच्या बुटावर पडला, घोटा मुरगळला. लेनर्ड त्या मालिकेत पुन्हा उतरला नाही. वॉरियर्सनं मॅच ११३-१११ अशी खेचली आणि मालिका एकतर्फी नेली. पाचुलियाला काय? साधा फाऊल, बंदी नाही. पुढच्या सीझनपासून मात्र उतरणाऱ्या खेळाडूखाली पाय सरकवला तर रेफरींनी रिप्ले बघून फ्लेग्रंट द्यावा अशी सोय झाली. मला हे पटतं. त्यात घोटा मोडला की वाचला हे बघत नाहीत, पाय कुठं ठेवला ते बघतात. जखमेवर शिक्षा ठरवायची म्हटलं तर मजबूत हाडाच्या माणसाला मारणं स्वस्त पडेल.

आता जुनी खाती. ग्रीननं नोव्हेंबर २०२३ मध्ये मिनेसोटाच्या रूडी गोबेअरचा गळा काखेत दाबून त्याला ओढत नेलं. पाच मॅच. लीगनं उघड सांगितलं की याचा पूर्वीचा इतिहास धरून आकडा ठरवलाय. त्यानंतर महिन्याभरात नुर्किच, तेव्हा आधी बेमुदत, मग १२. काही जणांना हा अन्याय वाटतो. मला नाही वाटत. कोर्टातसुद्धा पहिल्या गुन्ह्याला आणि पाचव्या गुन्ह्याला एकच माप लावत नाहीत. फक्त ते माप आधी लिहिलेलं हवं. एनबीएत ते अर्धंच लिहिलेलं आहे: फ्लेग्रंट-१ चा एक पॉइंट, फ्लेग्रंट-२ चे दोन, प्लेऑफमध्ये तीनच्या वर गेलं की एक मॅच आपोआप बाहेर. पण पाच मॅच का, सात का नाहीत, याचं कोष्टक कुठंही नाही.

थ्रीपॉइंटर_२३:

तेच ‘आपोआप’ २०१६ च्या फायनलला नडलं ना! वॉरियर्स ३-१ नं पुढे. चौथ्या मॅचमध्ये ग्रीन आणि क्लीव्हलंडच्या लेब्रॉनची झटापट, लेब्रॉन त्याला ओलांडून गेला, ग्रीननं खालून हात मारला. रेफरींनी तेव्हा फ्लेग्रंट दिलाच नाही, लीगनं मागाहून दिला. त्यानं त्याचे चार पॉइंट झाले आणि पाचव्या मॅचला तो बाहेर. त्या मॅचला लेब्रॉनचे ४१ पॉइंट, त्याचा जोडीदार कायरीचे ४१. मग वॉरियर्सनी मालिका ३-४ अशी घालवली.

आणि दंडाचं म्हणाल तर गोबेअरच्या पाच मॅचचे ७,६९,७०४ डॉलर गेले ग्रीनचे. आपल्या पैशात सहा कोटींच्या वर. ऐकून डोळे फिरतात, पण त्याचा वर्षाचा पगार दोन कोटी तेवीस लाख डॉलर होता.

छप्पनभोगी:

सहा कोटी! तेवढ्यात सराफ्यात अख्ख्या इंदुराला महिनाभर गराडू खाऊ घालता येईल.

ओटलेवाला:

२०१६ चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हे कोणाच्या लक्षात आलं का? लेब्रॉनला मारलं आणि लेब्रॉनच्याच टीमला फायदा मिळाला. प्लेऑफमध्ये समोर तीच टीम असते म्हणून शिक्षा बरोबर जागी लागली. रेग्युलर सीझनला गोबेअरच्या मिनेसोटाला काय मिळालं? ग्रीनच्या पाच मॅच बाकीच्या टीमना आंदण गेल्या. वर गोबेअर भांडण सोडवायला म्हणून ग्रीनचा जोडीदार क्ले थॉम्पसन याला धरून होता, तर त्यालाच २५,००० डॉलर दंड.

काळा_कोट:

मुद्दा मान्य, उपाय अमान्य. शिक्षा ही फिर्यादीची नुकसानभरपाई नसते. ती लीगच्या वतीनं असते. नाहीतर २००४ च्या डेट्रॉइटच्या राड्याचा निवाडा तुम्ही कसा केला असता? १९ नोव्हेंबर, मॅच संपायला ४५.९ सेकंद, इंडियाना १५ नं पुढे. इंडियानाच्या रॉन आर्टेस्टनं फाऊल केला, डेट्रॉइटच्या बेन वॉलेसनं त्याला ढकललं. आर्टेस्ट जाऊन स्कोअररच्या टेबलावर आडवा पडला. वरून पेयाचा ग्लास येऊन त्याच्या अंगावर आदळला आणि तो प्रेक्षकांत घुसला, तेही भलत्याच माणसावर. उरलेला सगळा सीझन बाहेर, प्लेऑफ धरून ८६ मॅच. त्याचे जोडीदार: स्टीफन जॅक्सन ३०, जर्मेन ओनील २५. सुरुवातीचा धक्का देणारा वॉलेस ६. इथं प्रेक्षकाला ‘फायदा’ कसा देणार होतात? ओनीलची शिक्षा तटस्थ लवादानं २५ वरून १५ केली, हा मला त्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. आरोप करणारा, चौकशी करणारा आणि निकाल देणारा लीगचा एकच कमिशनर असेल, तर निदान वर अपिलाला दुसरं दार हवं. आपल्या स्पर्धांत हे दार कुठं आहे? कमिटीचा निर्णय अंतिम, असं पावतीच्या मागं छापलेलं असतं.

बडोदेकर_पाहुणा:

वॉलेसचे सहाच? हे मात्र मलाही नवीन. ठिणगी टाकली त्यानं.

छप्पनभोगी:

मनिला २०१८ विसरलात. २ जुलै, फिलिपाइन्स विरुद्ध ऑस्ट्रेलिया, वर्ल्ड कपची पात्रता फेरी. खुर्च्या उडाल्या, १३ खेळाडू बाहेर काढले. फिलिपाइन्सचे मोजून तीन उरले आणि थोड्याच वेळात मॅच गुंडाळली. नंतर फिबानं (जागतिक बास्केटबॉल संघटनेनं) खेळाडू, कोच, दोन्ही फेडरेशन सगळ्यांना प्रसाद दिला, आणि मास्तर, जरा बसून वाचा, रेफरींनाही वर्षभर आंतरराष्ट्रीय मॅच नाही.

शिट्टीमास्तर:

वाचलं. योग्यच झालं. ती मॅच पहिल्या हाफपासून हाताबाहेर चालली होती आणि त्यांनी ती सोडून दिली होती.

ओटलेवाला:

बरं, बंदी त्याच टीमविरुद्ध घालायची नसेल तर मग हॉकीकडे बघा. तिथं हिरवं कार्ड दोन मिनिटं, पिवळं किमान पाच मिनिटं. गुन्हेगार बाहेर बसतो आणि त्याची टीम एक माणूस कमी घेऊन खेळते. फायदा ज्याला लागला त्यालाच, तोही लगेच, त्याच मॅचमध्ये. कबड्डीतसुद्धा पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. चिमणबागेत कबड्डी बघत वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. बास्केटबॉलमध्ये दोन फ्री थ्रो आणि बॉल, झालं. पुढच्या मिनिटाला पाचाला पाच.

थ्रीपॉइंटर_२३:

चारवर पाच म्हणजे काय होईल माहितीये का काका? दोन मिनिटांत सहज दहा पॉइंट. कोपऱ्यात मोकळा माणूस सतत उभा. एका फाऊलला एवढी शिक्षा?

ओटलेवाला:

ओठाला तीन टाके पडले होते रे.

काळा_कोट:

टाके मोजायचे नाहीत असं आत्ताच ठरलं होतं.

शिट्टीमास्तर:

कल्पना वाईट नाही. पण फिबाच्या नियमांत ती बसत नाही, त्यामुळे अधिकृत स्पर्धेत शक्य नाही. मोहल्ल्याच्या स्पर्धेत करून बघायला हरकत काय? माझ्या अटी ऐका. साध्या फाऊलला नाही, फक्त अनस्पोर्ट्समनलाइकला, म्हणजे दांडगाईच्या फाऊलला. वेळ दोन मिनिटं नाही, एक. खेळाचं घड्याळ थांबलं की हेही थांबणार, नाहीतर फ्री थ्रोच्या वेळी बुटाची नाडी बांधत बसतील सगळे. समोरच्यानं बास्केट केली तरी हा आत येणार नाही. आणि दुसऱ्या अनस्पोर्ट्समनलाइकला मॅचमधून बाहेर, तो नियम आहेच, तो तसाच राहील. निर्णयाविरुद्ध अपील असेल तर त्याच दिवशी, लेखी, ज्यांची टीम स्पर्धेत नाही अशा दोघांसमोर. वकीलसाहेब, त्यातले एक तुम्ही.

काळा_कोट:

फी काय?

छप्पनभोगी:

पोहे. जिरावण वेगळं मिळणार नाही.

बडोदेकर_पाहुणा:

दिवाळीत सूनबाईंबरोबर यायचं आहेच. स्पर्धा तेव्हा ठेवलीत तर बघायला येतो. माझा विरोध कायम आहे, तो तिथं येऊन नोंदवीन.

ओटलेवाला:

मग ठरलं. टेबलावर दोन घड्याळं लागतील, एक खेळाचं, एक बाहेर बसलेल्याचं. पहिल्याला माणूस आहे. दुसऱ्याला कोण बसेल?

सायलीची_आई:

मी बसते. सायली दोनपैकी एका टीममध्ये असेल तेव्हासुद्धा. चालेल ना, मास्तर?

शिट्टीमास्तर:

नाही.